दयाबाईंची दोन भाषांची वही

तांड्यावर पुस्तकं नेण्याच्या दयाबाईंच्या उद्योगाला पहिला विरोध मी केला होता, हे आधीच सांगून टाकतो. मी आमच्या वाचनालयाचा चिटणीस. चौतीस वर्षं मास्तरकी केली, त्यामुळे 'नाही' म्हणायची सवय हाडीमाशी मुरलेली. पुस्तकं फाटली तर जबाबदार कोण, असं मी विचारलं. दयाबाई पाटोळे, आमच्या ग्रंथपाल, म्हणाल्या, "गुरुजी, कपाटात ठेवली तरी वाळवी लागतेच की." आणि पिशवी स्कुटीला अडकवून निघाल्यासुद्धा.

पाथर्डी तालुक्यातलं आमचं गाव. वाचनालय 'ड' वर्गाचं, म्हणजे सरकारी उतरंडीत सगळ्यात खालचं. फुकट पेपर वाचणारे सात-आठ म्हातारे हे आमचे वाचक, त्यातला एक मी. गावापासून दोन किलोमीटरवर बंजारा तांडा आहे. तिथली पोरं पहिलीत आली की वर्ष वर्ष तोंड उघडत नाहीत. आम्ही मास्तर मंडळी त्यांना मठ्ठ म्हणून मोकळे व्हायचो. मीही म्हटलंय, आणि आता त्याची लाज वाटते. ती पोरं घरी गोरमाटी बोलतात. शाळेत आली की एकदम मराठी अंगावर येते, मग बोलणार काय?

दयाबाईंना हे आमच्याआधी उमगलं. त्यांची आई चर्चची 'बायबल बाई' होती. वाडीवस्तीवर पायी फिरायची आणि वाचता न येणाऱ्या बायकांना वाचून दाखवायची. लहानपणी दयाबाई तिचा पदर धरून हिंडल्या. माणूस पुस्तकाकडे येत नसेल तर पुस्तकानं उठून जावं, हे त्यांनी तिथंच ऐकलं. बाईंचा आवाजही असा की चालू गिरणीत ऐकू जावा.

दर शनिवारी दुपारी त्या तांड्यावर मराठी गोष्ट वाचायच्या. मग बनुबाई राठोड गोरमाटीत एखादी गोष्ट नाहीतर गाणं सांगायच्या. बनुबाई सत्तरीच्या, आरशांची काचळी, ती बंजारा चोळी, अजून रोज घालणाऱ्या, तोंडानं फटकळ. दयाबाई त्यांना याडी म्हणत, म्हणजे आई. याडी सांगेल ते एका जाड वहीत उतरायचं. डाव्या पानावर गोरमाटी, उजव्या पानावर त्याचंच मराठी, कडेनं पोरांनी काढलेली चित्रं. बनुबाईंची नात पूजा दुसरीत होती. तीन-चार महिन्यांत ती शाळेत उभी राहून सबंध धडा वाचायला लागली. तिच्या वर्गाच्या बाईंनी मला हे रस्त्यात थांबवून सांगितलं. मी वर वर "बरं" म्हणालो, पण आतून हललो होतो.

ऑक्टोबरात वाचन प्रेरणा दिन असतो. दिवाळीनंतर अर्धा तांडा ऊसतोडीला जातो, म्हणून आईबाप घरी आहेत तोवर पोरांचं वाचन त्यांना ऐकवावं, असं दयाबाईंनी ठरवलं. आसाराम नाईक तांड्याचे प्रमुख. त्यांच्याच अंगणात मांडव पडला. अध्यक्षही तेच. मी इस्त्रीची टोपी घालून पाहुणा.

तिसरी पाळी पूजाची. तिनं वहीतलं आपल्या आवडीचं पान उघडलं आणि गोरमाटी गाणं चालीवर म्हणायला सुरुवात केली. पोरांनी टाळ्यांचा ठेका धरला. मीही धरला, मला काय कळतंय! बायका मात्र एकाएकी उठून उभ्या राहिल्या. पूजाच्या आईनं पुढं येऊन पोरीचा दंड धरला आणि तिला घरी नेलं. बनुबाई तोंडावर ओढणी घेऊन मागोमाग गेल्या.

"मॅडम, ह्यो ढावलो हाय," नाईक म्हणाले. "पोरगी सासरी निघती तवा आईच्या गळ्यात पडून रडत म्हनती. सात वर्साच्या लेकराच्या तोंडी घातला तुमी, अन् वर टाळ्या. लई अपशकुनी हाय. आता हिकडं पुस्तकं आनू नका."

वाचनालयात परतल्यावर दयाबाई टेबलावर डोकं टेकून रडल्या. "तुमचं सगळ्यात जुनं गाणं सांगा म्हणाले मी. याडीनं सांगितलं. अर्थ लिहून घेतला, पण ते कधी म्हणतात, हे मी विचारलंच नाही, गुरुजी." 'तरी मी सांगत होतो' हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं. तांड्यावरचं वाचन बंद झालं तर पहिलीतली अकरा पोरं मुकीच राहणार, हे मला दिसत होतं. माझ्या शाळेत अशी किती मुकी गेली, तेही आठवलं.

पुढच्या शनिवारी दयाबाई पुस्तकांची पिशवी न घेता, फक्त वही घेऊन निघाल्या. मीही स्कुटीवर मागे बसलो. गावानं हसून घेतलं.

बनुबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी बसा म्हटलं नाही. शेजारी नाईक होते. दयाबाई खालीच बसल्या. "याडी, मी चुकले. पुस्तकं आणली नाहीत. ही वही तुमचीच आहे, ती तुम्हाला वाचून दाखवते. लेकरांसाठी जे नसेल ते सांगा, मी काढून टाकते."

आणि त्यांनी पहिल्या पानापासून गोरमाटी वाचायला घेतलं. उच्चार पार वाकडेतिकडे. कुडाआडून खसखस पिकली. एकेक करत पोरं जवळ सरकली आणि चुका सुधारायला लागली. जूनपासून शाळेत चकार शब्द न काढलेला पहिलीतला हर्षल पुढं येऊन चक्क मराठीत म्हणाला, "मॅडम, असं न्हाई म्हनायचं. मी शिकवतो तुमाला." नाईक मिशीत हसले. बनुबाई हसल्या नाहीत, पण पान बरोबर असलं की मान हलवायला लागल्या.

ढावलोचं पान आलं. दयाबाईंनी ते न वाचता फाडायला धरलं. बनुबाईंनी त्यांचं मनगट पकडलं.

"फाडू नगं. पूजाच्या आईला येत न्हाई ह्यो. माझ्यामागं पोरीला कोन शिकवनार?"

त्या घरात गेल्या, कशिद्याची सुई आणि लाल दोरा घेऊन आल्या. डावं पान उजव्या पानावर मिटवून त्यांनी तिन्ही कडांना घट्ट टाके घातले. दोरा दातानं तोडला. "लगनात उसवायचं," म्हणाल्या, आणि वही परत दिली.

"शनवारी पुस्तकं आना," नाईक म्हणाले.

दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गेले, पोरं आज्यांपाशी राहिली, शनिवार चालू राहिले. एप्रिलात माणसं परतली. त्या शनिवारी पोरांच्या मागं पूजाची आई पाटी घेऊन बसलेली दिसली. उसाच्या पाचटानं हात जागोजाग चिरलेले. तुम्ही कशाला बसलात, असं मी मास्तरी थाटात विचारलं.

"सासूबाई हायत तवर हायत," ती म्हणाली. "त्या शिवलेल्या पानात काय हाय ते मला वाचता आलं पायजे. माजी लेक हाय, ढावलो मीच शिकवनार तिला." मग दयाबाईंकडे वळून हळूच विचारलं, "लई दिस लागत्याल का?"

दयाबाईंनी अंगणात लंगडी घालणाऱ्या पूजाकडे पाहिलं. "आत्ताशी आठ वर्षांची आहे ती," त्या म्हणाल्या. "लागू देत की." आणि खडू माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "गुरुजी, त्यांना पहिलं अक्षर तुम्ही काढून द्या."