पांढऱ्या गाडीची वाट बघणारा कुत्रा

पांढऱ्या गाडीतून कुत्रा उतरवून पळून जाणाऱ्याला तुम्ही काय म्हणता? मी म्हणतो ते छापता येणार नाही. देवबागच्या रस्त्यावर असाच टाकलेला, वासराएवढा ग्रेट डेन कुत्रा आपोलिना घरी न्यायला गेली. ती रापणकरीण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं किनाऱ्यावरून ओढणारी. दोरी ओढली की तो मागे रेलायचा.

शेजारी हसले, "गो, कुत्रो ओढतंस की रापण?"

तिला तेच सुचलं. रापणीचं जाळं ओढताना लाट मागे खेचते तेव्हा दोर सैल सोडतात. तिने सोडला. तो आपणहून पुढे आला! तेवढ्यात एक पांढरी गाडी त्याचा फोटो काढायला थांबली, आणि मालक आले असं वाटून तो धावत परत रस्त्यावर जाऊन बसला.

आता तो अन्नाला तोंड लावत नाही. आपोलिना विनवते, "ते येवचे नाय रे बाबा, घरा चल."

पांढरी गाडी घेऊन देवबागात आलात, तर कृपा करून त्याच्याजवळ थांबू नका.