भुरीची कांडी आणि काकूंचं फडकं

काकूंना आयुष्यात सगळं जमलं, एक स्वस्थ बसणं सोडून. या घरात आल्या त्या दिवशी हातात फडकं घेतलं, ते अजून सुटलेलं नाही. जावई पहिल्यांदा मुक्कामाला आला, तर तो उठायच्या आत यांनी त्याचे चामड्याचे बूट साबणाने धुऊन वाळत घातले. बिचारा स्लिपर घालून कामावर गेला. गोठ्याचं तर विचारूच नका. शेजारी म्हणायचे, काकू, तुमच्या गोठ्यात ताट मांडून जेवावं. काकू म्हणायच्या, "जेवा, पण सांडू नका."

अशा बाईच्या गोठ्यात भुरी गायीची गर्भपिशवी खराब व्हावी! भुरी व्यायली, वार अडकली, ती कशीबशी पडली, आणि तेव्हापासून शेपटीखाली पू यायला लागला तो थांबेचना. माजावर आली तरी गाभण राहीना. पिशवीत औषध सोडलं, तर भुरी उठून उभी राहिली आणि निम्मं औषध नुकत्याच धुतलेल्या फरशीवर. पुन्हा सोडलं, पुन्हा तेच. इंजेक्शनं झाली, दूध ओतून द्यावं लागलं ते वेगळंच. काकू पार वैतागल्या. गायीवर, गुरांच्या डॉक्टरीणबाईंवर आणि काही कारण नसताना काकांवर.

काका कमी बोलणारे, पण बोलले की तोडूनच टाकायचे. "गाभण न राहणारी गाय किती सांभाळायची? दलालाला शब्द दिलाय मी. येईल तो न्यायला."

"तो कुठे नेतो, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"ठाऊक आहे. तुला दुसरा उपाय ठाऊक आहे का?"

काकूंना ठाऊक नव्हता, म्हणून त्या आणखीच भडकल्या. भुरीची आई भुरी दूधपिती असतानाच मेली होती. हिला बाटलीने पाजून काकूंनी वाढवलेलं. एवढी मोठी झाली तरी काकू जवळ आल्या की ही त्यांची बाही चघळते. काकू तिला शिव्या घालतात आणि ती बाही भिजली की दुसरी पुढे करतात.

शेवटी डॉक्टरीणबाई एक कांडी घेऊन आल्या. खडूएवढी, शेवटाला निळा दोरा.

"हिच्यात औषध आहे," त्या म्हणाल्या. "पिशवीत बसवली की तिथेच राहते आणि रोज थोडं थोडं औषध सोडते. वाहून जायचा प्रश्नच नाही. दोऱ्याचं टोक बाहेर राहील. काम झालं की उरलेली कांडी मी त्या दोऱ्याने काढेन. तोवर दोऱ्याला कुणी हात लावायचा नाही. काकू, मी तुमच्याशी बोलतेय."

"नाही हो लावत! मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

पण बोलणं सोपं असतं. दोरा शेणाने माखला. त्याच्यावर माशा बसायला लागल्या. येता जाता काकूंची नजर तिथेच. घासात खडा आल्यासारखं तोंड करून त्या निघून जायच्या. पू मात्र कमी होत चालला होता, ते काकूंनी रोज वाकून पाहिलं आणि रोज कुणाला सांगितलं नाही, दृष्ट लागेल म्हणून.

एके सकाळी काका चिखलाचे बूट घालून थेट गोठ्यात शिरले. झालं! भुरीला पुसता पुसता काकूंनी मान मागे वळवून त्यांचा असा उद्धार केला की विचारू नका. धार काढली, दूध घरात ठेवलं, परत येऊन बघतात तर काका नळाखाली फडकी धुतायत! लग्नापासून या माणसाने एक रुमाल धुतला नव्हता.

"आज सूर्य कुठून उगवला म्हणायचा?" काकू म्हणाल्या. आणि मग त्यांचं भुरीकडे लक्ष गेलं. निळा दोरा नव्हता.

"अहो! दोरा कुठाय?"

काकांनी नळ बंद केला. "मी ओढला. वाटलं, काही घाण लोंबतेय. कांडी निघून आली."

मग काय, आकाश कोसळलं. घरात इकडची काडी तिकडे करत नाहीत आणि नेमकं नको तिथे बोट घालायला कसे पुढे, इथपासून सुरुवात झाली ती सासरच्या सात पिढ्यांपर्यंत पोचली. काका फडकी दोरीवर टाकत राहिले. डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनीही डोक्याला हात लावला. दुसरी कांडी बसवली. "आता पुन्हा पहिल्यापासून. आणि दलालाचं काय?"

"त्याला नको म्हणून कळवलंय," काका म्हणाले. "माझ्यामुळे बिघडलं, तर मलाच थांबायला नको का?"

"उपकार केलेत!" काकू म्हणाल्या.

दुपारी काकू दोरीवरची फडकी काढायला गेल्या. काकांनी धुतलेली, म्हणजे पुन्हा धुवायलाच हवीत. भुरीला पुसायच्या फडक्याची कड विरली होती. त्या विरलेल्या कडेत काहीतरी निळं अडकलं होतं. दोऱ्याची गाठ.

काकू तिथेच उभ्या राहिल्या. हे फडकं त्यांच्याशिवाय कुणी वापरतच नाही. मान मागे, तोंड चालू, आणि हात मात्र सवयीने शेपटीखाली फिरलेला. सकाळी बोललेला एकेक शब्द आता त्यांच्या कानात परत येऊ लागला.

काका पायरीवर बसले होते. काकूंनी फडकं त्यांच्यापुढे धरलं.

"तुम्हाला सकाळीच दिसलं होतं हे."

"हं."

"मग बोलला का नाहीत? सकाळपासून मी तुम्हाला वाट्टेल ते बोलतेय!"

"ते रोजचंच आहे. तू केलंस हे कळलं असतं, तर जेवली नसतीस." काकांनी फडक्याच्या कडेतली गाठ सोडवली. "आणि दलालाला दिलेला शब्द मोडायला मलाही काहीतरी निमित्त हवंच होतं."

काकूंनी फडकं त्यांच्या मांडीवर टाकलं. "उद्यापासून भुरीला तुम्ही पुसायचं," त्या ओरडल्या.

"मला कुठे धड पुसता येतं?"

"म्हणूनच!"

दुसऱ्या सकाळी काका भुरीच्या पाठीवरून फडकं फिरवत होते, शेपटीपासून चांगलं हातभर लांब. काकू पुढे उभ्या होत्या. एक बाही भुरीच्या तोंडात, दुसरा हात पाठीमागे मूठ वळून धरलेला.

"इथे शेण राहिलंय बघ," काका म्हणाले.

काकूंनी डोळे घट्ट मिटले.

"राहू द्या," त्या म्हणाल्या.