बार निघाला की ढोल खाली

माघातली सकाळ होती आणि कालव्याकडून असं धुकं चढलं होतं, की वस्तीवरून समोरचा ऊस दिसेना. दारातली म्हैससुद्धा हंबरली तेव्हाच जागेवर आहे म्हणून कळायचं. पत्र्यावरचं दव पन्हाळीतून टिपटिप गळत होतं. असल्या हवेत ढोलाचं कातडं बसतं. सोनबा तांबडं फुटल्यापासून अंगणात उकिडवा बसून ढोलाच्या दोऱ्या ओढत होता. पाय लाकडाला रेटायचा, दोरी आवळायची, एक थाप मारायची आणि कान लावायचा. ढोल घुमायच्या ऐवजी पोतं पडल्यासारखा भदकन वाजत होता.

"माणूस असता तर काढा करून दिला असता," चुलीपुढून त्याची बायको सिंधुबाई म्हणाली. "ढोलाला काय पाजू?"

"हळू बोल. त्यो ऐकतोय."

"त्यो तरी ऐकतोय. ह्या घरात दुसरं कोन ऐकतंय माझं?"

सोनबा हसला आणि पुढची दोरी ओढली.

त्याच्या बापाचा जन्म मेंढरांमागं गेला, आज्याचाही. सोनबाच्या वाट्याला मेंढरं आली ती विकायलाच. मग वालचंदनगरच्या अलीकडं कालव्याखाली दोन एकर ऊस आणि ही वस्ती झाली. बापाकडून टिकलं ते एवढंच, हा ढोल आणि गजी नाचणारं मंडळ. नाचायला अठरा माणसं. पांढरे अंगरखे, हातात रंगीत रुमाल, मधे ढोल-झांजा आणि भोवती गोल धरून नाच. लग्न असो, जत्रा असो, सोनबाचं मंडळ आलं की म्हातारी माणसंही काठी भिंतीला टेकवून रिंगणात शिरायची.

वाजवणाऱ्यांना काम ठरवताना हातावर सुपारी ठेवायची रीत आहे. सुपारी घेतली की शब्द दिला. सोनबा मात्र सुपारी घ्यायच्या आधी एक वाक्य बोलायचा, आणि तेवढ्या वाक्यानं त्याची निम्मी कामं गेली होती.

"वाजवीन. पण बार निघाला की ढोल खाली."

ह्या वाक्याच्या मागं त्याचा धाकटा भाऊ नागेश होता. तीन वर्षांमागं शेजारच्या एका गावात निवडणुकीचा गुलाल पडला. परवान्याच्या बंदुका निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा असतात, म्हणजे निघाला तो गावठी कट्टाच. आनंदाच्या भरात कुणीतरी तो वर केला, धक्क्यानं हात हलला आणि गोळी झांज वाजवणाऱ्या नागेशच्या उजव्या खांद्यातून आरपार गेली. मिरवणुकीत तीनशे माणूस. फौजदारानं एकेकाला विचारलं. कुणाच्या डोळ्यात गुलाल गेला होता, कुणी चप्पल शोधत होतं, उरलेले सगळे लघवीला गेले होते. सोनबानं तिथंच विचारलं होतं, "सायेब, येवढी माणसं एकदम बसली कुठं?" पण हसायलाही कुणी तयार नव्हतं. कागदावर आलं ते एवढंच, की कुणी बघितलं नाही.

नागेश वाचला. हात मात्र खांद्याच्या वर जाईना. लोणी देवकरला कारखान्यात मशीनवर होता, तिथून त्याला गेटवर नोंदवहीपाशी बसवलं. फटाका वाजला की तो घरात जाऊन दार लावायचा. झांजा खुंटीला गेल्या त्या गेल्याच.

आणि आज, तीन वर्षांनी, नागेश धुक्यातून अंगरखा घालून आला. उजव्या पंजाला एक झांज फडक्यानं बांधून ती पोटाशी धरलेली, दुसरी डाव्या हातात.

"वाजल का अशी?" त्यानं विचारलं.

"वाजवून बघ की."

नागेशनं डाव्या हातानं झांज आणून आदळली. धुक्यातून आवाज लांबवर गेला. सिंधुबाईनं चुलीतलं लाकूड उगाचच मागं-पुढं केलं आणि डोळ्याला पदर लावून धुराला शिव्या घातल्या. सोनबाच्या मनात मात्र पक्कं होतं, की आजचा दिवस धड गेला तर भाऊ मंडळात परत आला. आज एक जरी बार निघाला, तर तो पुन्हा कधी यायचा नाही.

लग्न बारामतीजवळ कन्हेरीला होतं. सावळाराम आबा साखर कारखान्याचे जुने सभासद, त्यांचा नातू रणजित नवरदेव. आबांनी स्वतः वस्तीवर येऊन सुपारी दिली होती. अट ऐकून ते म्हणाले होते, "अरं, माझ्याकडं बापापासूनची बाराबोर बंदूक हाय. दर इलेक्शनला माहेरपनाला गेल्यागत ठाण्यात जाती न् परत येती. तिनं अजून साधं रानडुक्कर मारल्यालं न्हाय. तू बिनघोर ये."

टेम्पोतून मंडळ कन्हेरीत उतरलं तेव्हा ऊन पडलं होतं. मांडवाच्या कडेला चहा घेताना पांढऱ्या गाडीतून आबांच्या लेकीचा मुलगा, ऋषिराज, उतरला. पुण्याच्या बाजूला जमिनीची कामं करायचा. कमरेला रिव्हॉल्व्हर, त्यावर शर्ट असा घातलेला की झाकलंही जावं आणि दिसावंही. सोनबाची नजर तिथं गेलेली त्यानं हेरली.

"परवाना हाय मामा. घाबरू नका."

"परवान्याला कोन घाबरतंय? म्या कागदाकडं न्हाय बघत."

ऋषिराज खुर्ची ओढून बसला. "तुमची अट ऐकली आबांकडनं. पण मला सांगा, दिवस कसं आल्यात? पोरं कोयतं घिऊन गाड्या फोडत्यात. दरोडं पडत्यात. पोलीस यीस्तोवर मानसानं काय करायचं? वस्तीवर ऱ्हाता ना तुमी? चोर आलं तर काय, ढोल वाजवनार?"

"व्हय," सोनबा म्हणाला. "तेच केलं."

"म्हंजी?"

"दोन वरसं झाली. चौघं आल्ते शेरडं न्यायला. म्या ढोल घेतला न् लागलो बडवायला. सहा वस्त्या उठल्या, बाया सुदीक उलथनी घिऊन आल्या. ती गडी उसात शिरली ती कुठनं भाईर पडली देव जाणं. एक चप्पल ठिवून गेली. आमच्या हिनं ती अजून जपून ठिवलीया, जोडीची दुसरी आणत्याल म्हणून."

चहावाला खोकत खोकत हसला. ऋषिराज हसला नाही.

"सगळीकडं ढोल न्हाय चालत मामा."

"न्हायच चालत," सोनबानं सरळ मान्य केलं. "तुमच्या धंद्यात जिवाला भ्या आसंल, हत्यार लागत आसंल, मला त्यातलं कळत न्हाय. सरकारनं दिलंय तुमाला. पण ते भ्यासाठी दिलंय, नाचायसाठी न्हाय. लग्नात कोन यायचंय तुमाला माराया? व्याही?"

आता भोवतीची सगळीच हसली. ऋषिराज उठला. त्याचे कान लाल झाले होते.

दहाच्या सुमाराला नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला निघाला. सोनबानं ढोलावर टिपरू टाकलं. उन्हानं कातडं तापून ढोल आता छातीत घुमत होता. अठरा रुमाल एकदम वर गेले. भंडारा उडाला, गल्ली पिवळी झाली. नागेश सोनबाच्या डाव्या अंगाला. आधी अंग चोरून, मग मान हलवत, मग डोळे मिटून वाजवत होता. आबांची बायको, ठमाबाई, ऐंशीला टेकलेली बाई, सुनेचा हात झटकून रिंगणात शिरली. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

पारापाशी ऋषिराजच्या दोस्तांनी त्याला खांद्यावर उचललं. "होऊ दे रं दादा! लग्न हाय का दहावं?" कुणीतरी ओरडलं. ऋषिराजचा हात कमरेला गेला, वर गेला, आणि बार निघाला.

ढोल खाली आला. सोनबानं ठरवून टेकवला नाही, हातानंच आपसूक तो जमिनीवर ठेवला. त्याच्यामागं दुसरा ढोल खाली, झांजा खाली, अठरा रुमाल खाली. घोडा बिथरून गोल फिरला. आणि त्या शांततेत सगळ्यांनी बघितलं, की नागेश दोन्ही हात डोक्यावर धरून पाराच्या दगडाला चिकटून बसला आहे.

"काय झालं? वाजवा!" ऋषिराज वरूनच म्हणाला. "कुणाला लागलंय का? हवेत काढला."

सोनबानं मुंडाशाच्या घडीतून आबांनी दिलेली सुपारी काढली आणि आबांच्या पुढ्यात धरली. "आबा, ही घ्या. आमी निगालो."

"सुपारी घिऊन पळतोस व्हय रं?" ऋषिराज खाली उतरत म्हणाला. आता 'मामा' म्हणणंही गेलं होतं.

"सुपारी घिऊन मानसं मारनारं येगळं," सोनबा म्हणाला. "आमची सुपारी वाजवायची. त्यात बार बसत न्हाय."

आबांचा चेहरा पडला. मुहूर्त बारा चाळीसचा, वऱ्हाड रस्त्यात, पाहुणे गोळा झालेले. ते हलक्या आवाजात म्हणाले, "सोनबा, लेका, गाडीत ठिवायला लावतो त्याला. माझी अब्रू ऱ्हाऊ दे."

"गाडीतलं परत भाईर येतं, आबा. ठाण्यात जाऊ द्या."

"कशाचं ठाणं?" ऋषिराजनं रिव्हॉल्व्हर कमरेला खोचलं, शर्ट ओढला आणि हात झटकले. "बार निघाला म्हणतोय हा. कुणी बघितला? सांगा की. कुणी बघितला?"

हेच शब्द. तीन वर्षांमागं हेच शब्द, आणि मग माना खाली. सोनबानं गर्दीकडं बघितलंही नाही. बघून काय व्हायचं होतं?

"मी बघितला."

आवाज वरून आला. घोड्यावरून. बाशिंगाच्या मुंडावळ्या बाजूला सारून रणजित म्हणाला, "मी वर हाय. मला सगळ्यात बेस दिसलं. दादा, तुझ्याच हातनं निघाला."

ऋषिराजनं मान वर करून घोड्याकडं बघितलं.

"म्या बी बघितला," ठमाबाई म्हणाली. "डोळ्याचं आपरीशन गेल्या सालीच झालंय माजं. लख्ख दिसलं."

"मी पण," फोटोवाला म्हणाला. "आन् माझ्या क्यामेऱ्यानं बी."

"म्या बघितला," मांडवाकडून झारा घेऊन आलेला आचारी ओरडला. "भजी जळाली माजी त्या आवाजानं!"

मग कोण कुठून बोलतंय ते कळेना. "मी", "म्या", "आमी चौघांनी". माळवदावरच्या बाया हात वर करत होत्या. मगाशी ऋषिराजला खांद्यावर घेतलेला एक दोस्तही तोंडातल्या तोंडात "मी तर खालीच हुतो, दिसनारच" म्हणाला. सोनबा उभ्या जागी गोल फिरला. जिकडं बघावं तिकडं हात. तीन वर्षं त्याला एक हात हवा होता.

आबांनी फोन काढला. दर निवडणुकीला बंदूक जमा करून ठाण्याचा नंबर त्यांना पाठच होता. बीटवरची हवालदार रोहिणी मॅडम वीस मिनिटांत मोटारसायकलवर आली. लेकीनं, म्हणजे ऋषिराजच्या आईनं, मांडवात रडून घेतलं. आबा मात्र मागं हटले नाहीत. रोहिणी मॅडमनं रिव्हॉल्व्हर हातात घेतलं, काडतुसं काढली. पाच जिवंत, एक रिकामं.

"आनंदात काढलेल्या बारालाबी आता दोन वर्षांपर्यंत सजा हाय," ती ऋषिराजला म्हणाली. "परवान्याचं काय ते वरचं सायेब ठरवतील. चला." मग गर्दीकडं वळून, "साक्षीला सह्या कोण करणार?"

रांग लागली. पाराच्या दगडावर कागद ठेवून लोकांनी सह्या केल्या. ठमाबाईनं अंगठा उठवला आणि बोट पुसायला फोटोवाल्याचा रुमाल घेतला.

ऋषिराजला मागं बसवून मोटारसायकल गेली. तरी ढोल खालीच होता. सगळे सोनबाकडं बघत होते, आणि सोनबा पाराकडं. नागेश कधीच उठून उभा होता. अंगरख्याची धूळ त्यानं झटकली, उजव्या पंजावरची सैल झालेली गाठ दातांनी ओढून घट्ट केली.

"दादा," तो म्हणाला, "नवरदेवाला काय असा मुक्यानंच न्यायचा का?"

आणि सोनबा ढोल उचलायच्या आधीच त्यानं झांज आदळली. एकदा, दोनदा, मग न थांबता. त्यानंतर कन्हेरीत जे वाजलं, ते त्या गावानं ऐकलं नव्हतं. मारुतीपर्यंत तीनशे पावलांची वाट, तिला पाऊण तास लागला. रणजित घोड्यावरून उतरून रिंगणात शिरला, आचारी झारा घेऊन शिरला. आबा आधी नुसते टाळ्या वाजवत होते, मग त्यांचेही पाय हलायला लागले. मुहूर्त कसाबसा गाठला. भटजी रागावले, पण त्यांच्या टोपीवरही भंडारा होताच.

जेवणावळीत दोन पाहुणे सोनबापाशी येऊन बसले. दोघांच्या घरी फाल्गुनात लग्नं. "ती तुमची अट घालूनच सुपारी घ्या," त्यातला एक म्हणाला. "आमच्या पाव्हण्यांत बी एक हाय तसला. अट तुमच्या तोंडची असली की बरं."

टेम्पो वस्तीवर परतला तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. सिंधुबाई दारात उभी. तिला फोनवरून सगळं आधीच कळलेलं होतं, तरी तिनं नागेशला तीनदा सांगायला लावलं. सोनबा खाली बसतोय तोच ती म्हणाली, "लाइट आलीया कवाची. ऊस वाळलाय तिकडं."

सोनबानं अंगरखा काढून खुंटीला लावला, धोतर खोचलं, मोटर चालू केली आणि खांद्यावर फावडं टाकून पाण्याची दारं धरायला उसात शिरला. पहिल्या सरीचं पाणी भलतीकडंच फुटलं होतं. त्यानं एक शिवी घातली आणि मातीचं ढेकूळ ओढलं.