अविश्वास

तहसील कचेरीत कारकून असताना माणसाची सत्ता काढून घेणारे बरेच शब्द मी लिहिले. अपात्र, बडतर्फ, पदच्युत. रोजचेच होते ते. कमलबाईंच्या गावी गेलो, तेव्हा पहिल्यांदा तसा एक शब्द माणसाला लागताना पाहिला.

कमलबाई सरपंच होत्या. गावकीचा विरोध असताना वरच्या वस्तीला नळ दिला, एवढाच त्यांचा गुन्हा. तहसीलदारांसमोर अविश्वास ठराव आला आणि सात हात वर गेले. एक हात त्यांच्या सख्ख्या जावेचा होता.

"साहेब, अविश्वास म्हंजे? मी काय चोरलं का?" बाईंनी विचारलं.

"नाही हो. कायद्यातला शब्द आहे तो," तहसीलदार म्हणाले. "आता खुर्ची सोडा."

सदस्यपद अजून होतं, म्हणून त्या सदस्यांच्या बाकाकडे गेल्या. बाकावरचे सगळे फक्त जरा ऐसपैस बसले. उरलेल्या जागेवर जावेने आपली पिशवी ठेवली.

खुर्ची काढून घ्यायला आपल्याकडे कितीतरी शब्द आहेत. या ऐसपैस बसण्याला मात्र एकही नाही, आणि म्हणून त्याची नोंदही होत नाही. बाई पदराचं टोक मुठीत धरून शेवटपर्यंत उभ्या राहिल्या. मला खुर्ची होती. मीही उठलो नाही.

इतिवृत्ताच्या शेवटी रिवाजाप्रमाणे मी लिहिलं, "सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली."