सातव्या हरणाचा शोध

चुका मी आयुष्यात पुष्कळ केल्या, पण अख्खं गाव मदतीला घेऊन केलेली चूक एकच. ती आज सांगूनच टाकतो.

स्वराज्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती. मी वसईला शाळेत मास्तर. घरची केळीची वाडी, शिवाय सातिवलीला डोंगराखाली थोडी भातशेती. एका सकाळी शेतावर गेलो, तर बांधावरच्या गवतात सशाएवढं हरीण उभं. अंगावर पांढरे ठिपके, पाय पेन्सिलीसारखे. अंगातला कोट टाकून पकडलं. पाहतो तर कानात बारीक पितळी कडी आणि तिच्यावर आकडा, चार.

आता तुम्हीच सांगा, रानातल्या हरणाला कडी कोण घालतं? अशी पिसोरी हरणं मी मुंबईच्या एका प्राणिबागेत पाहिली होती. तिथेही कानात कडी होती. म्हणजे हे तिथून पळालेलं. आणि हे चौथं, म्हणजे आधीची तीन इथेच कुठेतरी असणार.

मुंबईहून ते सातिवलीला आलं कसं, हा प्रश्न मला पडला नाही. बायकोला पडला.

"अहो, एवढुसं जनावर खाडी कशी ओलांडेल?" कुंदा म्हणाली. "आधी बागेला पत्र टाका."

"उत्तर येईपर्यंत बाकीच्यांचा कोणीतरी रस्सा करेल," मी म्हणालो.

खरं सांगू? वर्तमानपत्रात आपलं नाव येईल, असंही मनात होतं.

पाचूबंदरचा पास्कू माझा जुना दोस्त, मासेमारी करणारा. त्याला जाळ्यासकट बोलावलं.

"मास्तर, मी पान्यातला मानूस," तो म्हणाला. "हरनाला जालं कसं लावतात, मला काय ठाऊक?"

तरी त्याने लावलं. गावकऱ्यांना मी प्राण्यांवर छोटं भाषण दिलं. मग ते पत्र्याचे डबे वाजवत गवतातून पुढे सरकले आणि पहिल्याच दिवशी दोन हरणं सापडली. पुढे रोज एक. एक ते सहा सगळे आकडे जमले. पण सहानंतर सात असणारच ना? सातव्यासाठी आम्ही आणखी दोन दिवस डोंगर पिंजून काढला. पास्कूचं जाळं करवंदीत फाटलं.

तोवर सहाही हरणं आमच्या पडवीत होती. आधी माणूस दिसला की थरथरायची. मी रोज जवळ बसून राजेळी केळी भरवली. आठवडाभरात ती माझ्या मागे-मागे फिरू लागली. मला फार अभिमान वाटला.

मग केळीच्या लॉरीतून टोपल्या घेऊन मी थेट बागेत गेलो. तिथले साहेब बाहेर आले. शांत, चष्मेवाले गृहस्थ. टोपलीत डोकावले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"किती आणलीत?"

"सहा," मी म्हणालो. "सात नंबर काही सापडला नाही. त्याबद्दल क्षमा असावी."

"सात नंबर नव्हताच," असं म्हणून ते बाकावर बसले.

मग म्हणाले, "मास्तर, ही पळाली नव्हती. आम्ही सोडली होती. शिकारीने सातिवलीच्या डोंगरातली पिसोरी संपली. म्हणून इथे जोड्या ठेवून पिल्लं वाढवली. चार वर्षं गेली त्यात. शेवटचं वर्षभर तर चाराही आडून टाकायचो, माणसाची सवय लागू नये म्हणून. माणसाला भ्यायली नाहीत तर रानात जगणार कशी?"

तेवढ्यात चार नंबर टोपलीतून उतरलं, माझ्याजवळ आलं आणि माझा खिसा हुंगू लागलं.

"खिशात काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"राजेळी," मी म्हणालो.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त चष्मा काढून पुसला. घरी येऊन कुंदाला सगळं सांगितलं. तीही रागावली नाही, आणि ते जास्त लागलं. कित्येक महिने मला केळं गोड लागेना.

वर्षभराने बागेचं पत्र आलं. कुंदानेच मोठ्याने वाचलं. सहाही हरणं पुन्हा माणसाला भिऊ लागली होती. त्यांना रानात सोडलं होतं आणि एका मादीला पिल्लूही झालं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"कुठल्या रानात सोडली?" मी विचारलं.

कुंदाने पान उलटलं. "तेही लिहिलंय," ती म्हणाली. "जागेचं नाव आपल्याला कळवू नये, असं सर्वानुमते ठरलं आहे."