निरंकाचा रकाना

सरकारी कागदात ‘काही नाही’ असं लिहीत नाहीत, ‘निरंक’ लिहितात. या शब्दाची मला चीड आहे. तो मी स्वतःच्या हातानं कितीदा लिहिला, याची त्याहून जास्त.

माझी धाकटी बहीण एका तलावाकाठच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स होती. माझं अक्षर बरं, म्हणून अड्याळच्या बाजारातून घरी परतली की ती अहवालाचे कागद माझ्यापुढे टाकायची. ‘कर्मचाऱ्यांच्या मानसिक तक्रारी’ या रकान्यात काय लिहू, असं मी कधी विचारलं नाही. कोरोनापासून तिची झोप उडाली होती. जेवता जेवता ती मध्येच उठून पुन्हा हात धुवायची. हे मी रोज पाहत होतो, आणि लिहीत होतो निरंक. गेल्या वर्षी ती ड्यूटीवरच कोसळली. परत उठली नाही.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला महिनाही झाला नव्हता, तोच तिच्यासोबत काम करणारी नर्स तसलेच कागद घेऊन आली. धानाच्या बांध्यांत राबणाऱ्यांना नवाच ताप येऊ लागला होता, म्हणून साथीच्या पूर्वतयारीचा अहवाल मागवला होता. औषधं, किट, खाटा, सगळं लिहून झालं. शेवटी तो रकाना आला.

“निरंक लिहा ना, भाऊ.”

“तुले झोप लागते का?”

“बसल्या बसल्या लागते. अंथरुणातच लागत नाही.” ती हसली. “ताईची ड्यूटीबी मीच करून राहिली ना.”

“मग निरंक कसं?”

“आकडा टाकला का खुलासा मागतेत. कायले कटकट? ताई होत्या तं तुमी न विचारता लिहून देत होता.”

तिनं टोमणा मारला नव्हता, तरी तो लागला. मी ‘एक’ लिहिलं आणि कागद तिच्यापुढे सरकवला. खोडायचं असेल तर तिनं खोडावं. ती पेन घेऊन कागदावर वाकली. “तुमीबी ना!” म्हणाली, आणि सही केली.

चहा होईपर्यंत तिनं कागदाचा फोटो तालुक्याला पाठवून दिला. कप हातात घेते तोच तिथल्या लिपिकाचा फोन आला. तिनं तो स्पीकरवर टाकला.

“बाई, शेवटच्या रकान्यात चुकून एक पडला का?”

“नाही साहेब. ते मीच आहो.”

“मग आता काय करायचं? याच्यापुढचा नमुनाच नाही आमच्याकडे.”

फुटलेल्या थर्मामीटरसाठीसुद्धा यांच्याकडे छापील नमुना आहे! मी तोंड उघडणार होतो. तिनं हातानंच मला गप्प केलं.

“नमुना राहू द्या. मले आठ दिवसांची सुट्टी पाहिजे.”

“साथीच्या तोंडावर?”

“साथ आल्यावर मी पडली तं कोणाले पाठवान?”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. साहेबांना विचारून सांगतो, तो म्हणाला.

“विचारा. मी थांबली आहो,” ती म्हणाली, आणि फोन चालूच ठेवून तिनं चहाचा घोट घेतला.