साळुबाईचं दार

साळुबाई निवडणूक हरली त्या दिवशी अमृत गुलालानं लालभडक झाला होता. आता ही साळुबाई कुणी परकी नाही, सख्खी चुलती. आई गेल्यावर अमृतला तिनंच भाकरी घालून वाढवलेला. पण ग्रामपंचायतीला भावकी फुटली. बाप कपबशीच्या पॅनेलात, चुलती छत्रीवर उभी, आणि पोरगं बापामागं गेलं.

येडगावकडच्या त्या वाडीत रीतच अशी, की जिंकलेल्यांची मिरवणूक आली की हरलेल्यांनी दार लावून घ्यायचं. साळुबाईनं लावलं. पोरांना चेव आला. दारावर गुलालाची पहिली मूठ अमृतचीच, मग बाकीच्यांनी पाटीच रिकामी केली. त्यानं नव्या मोबाईलवर फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी नारायणगावात सायबर कॅफेत बसून ऑर्कुटवर चढवला. खाली लिहिलं, 'कपबशी फुटत नसती राव.' तासाभरात पोरांच्या शाबासक्या. लई भारी वाटलं गड्याला. लाज कशी वाटली नाही, कुणास ठाऊक.

साळुबाईचा भरत चाकणला कंपनीत होता. त्यानं फोटो बघितला. शिवी दिली नाही, भांडला नाही. तोच फोटो स्वतःच्या नावापुढं लावला न् लिहिलं, 'हे आमचं दार.' झालं. पुण्यामुंबईत पांगलेल्या छत्रीवाल्या एकेका पोरानं आपलं थोबाड काढून तिथं तेच लाल दार लावलं. अमृत कॅफेत बसला की समोर चुलतीचं दार. जिंकल्याची सगळी चवच गेली.

शेवटी न राहवून तो बादली न् फडकं घेऊन निघाला. काकीनं उंबऱ्याच्या आत घेतलं नाही तर काय करायचं, एवढीच धास्ती. साळुबाई ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेली. मागं दारावर गुलाल तसाच.

"काकी, दार पुसतो."

"ऱ्हाऊ दे. भरत म्हनला पुसू नको. तिकडं म्हनं आपल्या दाराशी लई पोरं जमल्यात." हातातली शेंग तशीच धरून ती त्याच्याकडं बघत राहिली. "कुठं जमल्यात रं? हितं तर निकालापासून कुत्रं फिरकलं न्हाई. छत्रीवाली बी न्हाईत. तूच पयला आलास."

बादली खाली ठेवून अमृत सुपाशी बसला आणि शेंगा फोडू लागला.

"फोटो तूच काढला, त्ये बी म्हनला भरत," ती म्हणाली. मग सूप त्याच्याकडं सरकवत तिनं विचारलं, "जेवलास का?"